हसू दिसलं, माणूस ओळखू आला नाही

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी मैत्रीण ३१ वर्षांची आहे. नागपुरात एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, सासरी एकत्र कुटुंबात राहते. लहानपणापासून तिला चेहऱ्यावरून माणसं ओळखता येत नाहीत. शाळेत मैत्रिणी ओळखल्या त्या वेणीवरून, दप्तरावरून, आवाजावरून. सिनेमात दोन नायिकांचे केस सारखे असले की गोष्ट कळेनाशी होते. डोळे तपासून झाले, नंबर नाही. वडीलही तसेच. बाजारात ओळखीच्या माणसासमोरून सरळ निघून जायचे आणि घरचे म्हणायचे, ‘यांचं लक्ष कुठं असतं देव जाणे.’

मध्यंतरी गोकुळपेठच्या भाजीबाजारात मोठी नणंद समोरून आली, हसली, आणि ही तिच्याकडे बघून पुढे निघून गेली. ‘एक बाई हसत होती हे मला दिसलं होतं. वाटलं, माझ्या मागे तिच्या ओळखीचं कुणी असेल.’ तेव्हापासून नणंद बोलत नाही. सासूबाई म्हणतात, सून शिष्ट आहे. नवरा म्हणतो, ‘थोडं लक्ष दे, सगळं जमतं.’ आता रस्त्यानं चालताना ती मोबाइलमध्ये डोकं घालूनच चालते, म्हणजे कुणाच्या नजरेला नजर द्यायला नको. उन्हाळ्यात तेवढं बरं वाटतं, कारण सगळ्यांच्याच तोंडाला दुपट्टा. भाद्रपदात घरी महालक्ष्म्या आहेत, सगळं गणगोत येणार. रुग्णालयात वॉर्ड इन्चार्जची जागा देऊ केली आहे, ती नाकारावी असं मनात आहे. ती लिहिते, ‘मला माणसंच ओळखता येत नाहीत, तर त्यांच्या मनातलं काय कळणार? पेशंट घाबरलाय हे मला सगळ्यांच्या आधी कळतं असं बाकीच्या सिस्टर म्हणतात, पण तो योगायोग असेल. उद्या मूल झालं आणि शाळेच्या गेटवर तेच ओळखू आलं नाही तर? ताई, हे कुणाला सांगू का नको?’

उत्तर:

मैत्रिणी,

तुमच्या पत्रातलं बाजाराचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. हातात पिशव्या, दोन्ही बाजूंनी गर्दी, भाजीवाल्यांचा ओरडा, आणि तेवढ्यात समोरून येणाऱ्या बाईचं हसू तुम्ही टिपलंत. ते ओळखीचं हसू आहे हेही तुमच्या लक्षात आलं, म्हणून तर मागे तिचं कुणी असेल असं वाटलं. राहिलं ते एवढंच, की ती बाई कोण.

तरीही तुम्ही निष्कर्ष काढलात, की मला माणसांच्या मनातलं कळत नाही. या निष्कर्षाशी माझं भांडण आहे.

चेहरा कुणाचा हे ओळखणं आणि चेहऱ्यावर काय उमटलंय हे वाचणं, ही मेंदूची बरीचशी वेगवेगळी कामं आहेत. विकी ब्रूस आणि अँडी यंग या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ही मांडणी केली. ही दोन कामं त्यांना वाटली तितकी अलग नाहीत, काही वाट ती एकत्र चालतात, असं पुढच्या संशोधनात दिसलं, पण मुख्य मुद्दा अजून टिकून आहे. ओळख पटवण्यात मेंदूच्या खालच्या बाजूचा फ्युजिफॉर्म नावाचा भाग, त्यातही उजवीकडचा, फार महत्त्वाचा. चेहरा दिसला की हा भाग किती जोरात कामाला लागतो, ते नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये स्कॅनवर दाखवलं. ओठांची, भुवयांची हालचाल वाचण्याचं काम मुख्यतः दुसरीकडे होतं, आणि भीती ओळखण्यात अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या भागाचा मोठा हात असतो. आजारपणात दोन्ही बाजूंचा अमिग्डाला गमावलेल्या एका अमेरिकन बाईंचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना ओळखीची माणसं चेहऱ्यावरून नीट ओळखू यायची, पण समोरच्या चेहऱ्यावरची भीती कळायची नाही. म्हणजे बरोबर तुमच्या उलट.

सगळ्यांचं इतकं सुटसुटीत नसतं. काहींना ओळखही पटत नाही आणि भावही कळत नाहीत. पण तुमच्याबाबत वॉर्डातल्या सिस्टर काय म्हणतात ते तुम्हीच लिहिलंय. ऑपरेशनच्या आदल्या रात्री ‘मी ठीक आहे’ म्हणणाऱ्या पेशंटची भीती जिला सगळ्यांच्या आधी दिसते, तिनं त्याला योगायोग म्हणू नये.

आता या गोष्टीच्या नावाबद्दल. इंग्रजीत फेस ब्लाइंडनेस म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत प्रोसोपॅग्नोसिया. योआखिम बोडामेर या जर्मन डॉक्टरांनी १९४७ मध्ये, डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवरून हे नाव दिलं. तुमच्यासारखी, कुठलीही जखम नसताना लहानपणापासून अशी असलेली माणसं किती, याचा अंदाज पुष्कळ नंतर आला. साधारण शंभरात दोन असा आकडा सांगतात. निकष कडक लावले तर तो खाली येतो. म्हणजे तुमच्या रुग्णालयातच आणखी कुणी असायची शक्यता आहे. तेही तुमच्यासारखंच गप्प असेल. आणि हे पुष्कळदा घराण्यात चालतं. तुमच्या बाबांना एकदा फोन करून निवांत विचारा. ‘यांचं लक्ष नसतं’ हे ज्या माणसानं जन्मभर ऐकून घेतलं, त्याला कदाचित पहिल्यांदाच कुणीतरी खरं कारण सांगेल.

लक्षावरूनच तुमच्या यजमानांकडे येते. ‘थोडं लक्ष दे’ हे त्यांनी चिडून म्हटलेलं नसावं, पण ते चूक आहे आणि त्यानं तुमचं नुकसान होतंय. चक क्लोज हे अमेरिकन चित्रकार माणसांच्या चेहऱ्यांची भिंतीएवढी चित्रं काढत. एकेका चेहऱ्यावर महिनोन्‌महिने काम करत. त्यांनाही चेहरे ओळखू येत नसत. मेंदूच्या विकारांवर जन्मभर लिहिणारे डॉक्टर ऑलिव्हर सॅक्स यांना हाच त्रास होता, आणि चिंपांझींचं निरीक्षण करण्यात आयुष्य घातलेल्या जेन गुडाल यांनाही. यांच्यापैकी कुणाला लक्ष देता येत नव्हतं असं म्हणायची कुणाची छाती होईल? सरावानं थोडाफार फरक पडतो असं काही अभ्यासांत दिसलंय, पण तो फरक बाजारातल्या गर्दीत पुरेल असा नसतो. यजमानांना हा परिच्छेद वाचायला द्या. मग त्यांना एक काम सांगा. बाहेर दोघं असताना समोरून कुणी येताना दिसलं, की त्यांनी हळूच नाव सांगायचं, ‘देशपांडे काकू येताहेत’, एवढंच. नवऱ्यानं बायकोसाठी करावं असं याहून सोपं काम मला तरी माहीत नाही.

आता नणंदबाई. त्यांचं दुखणं खरं आहे, हे आधी धरून चाला. भर बाजारात भावजयीनं डोळ्यात डोळे घालून बघितलं आणि तोंड फिरवलं, असा तो प्रसंग त्यांच्या बाजूनं दिसतो. त्यांच्याकडे जाऊन पहिलं वाक्य मेंदूवरचं बोललात तर ते बहाणा वाटेल. आधी त्यांच्या मनाला लागलंय ते मान्य करा, मग स्वतःचं सांगा. असं काहीतरी: ‘ताई, त्या दिवशी तुम्हाला वाईट वाटलं, आणि वाटणारच. मी तुम्हाला बघितलं, तुमचं हसणंही बघितलं, पण ते तुम्ही आहात हे मला कळलंच नाही. मला लहानपणापासून चेहऱ्यावरून माणूस ओळखता येत नाही. माझ्या बाबांचंही असंच आहे. तुम्ही हाक मारली असती तर आवाजावरून मी लगेच वळले असते.’ शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळे पुढच्या वेळी काय करायचं ते त्यांना कळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नका, त्यांच्या घरी जाऊन, एकट्या असताना बोला. कदाचित त्या लगेच मानणार नाहीत. ‘मग नवऱ्याला कशी ओळखतेस?’ असं विचारतील. हा प्रश्न सगळेच विचारतात, तेव्हा उत्तर तयार ठेवा: आवाज, चाल, उभं राहायची लकब, घड्याळ, आणि तो घरात असणारच हे माहीत असणं.

उन्हाळ्यात बरं वाटतं असं तुम्ही लिहिलंय, त्यावर मी थांबले. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, बर्डीच्या सिग्नलवर स्कूटीवरच्या सगळ्या बायका दुपट्ट्यात गुंडाळलेल्या असतात, आणि कुणी कुणाला ओळख दिली नाही तरी कुणाला राग येत नाही. कारण दुपट्टा समोर दिसतो. तुमच्यासाठी सगळी माणसं बारा महिने अशी दुपट्टा बांधूनच फिरताहेत, पण तो त्यांना स्वतःला दिसत नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय तो आहे हे त्यांना कळायचा मार्गच नाही. म्हणून ‘सांगू का नको’ या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर सांगा असंच आहे.

न सांगण्याच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे, ते झाकून ठेवत नाही. काही लोक गंमत म्हणून समोर येऊन ‘सांग बरं मी कोण’ असं करतील. ‘सुनेच्या डोक्यात काहीतरी आहे’ अशी कुजबूज होईल. आपल्याकडे अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात याचं वेगळं नाव नाही, तेव्हा प्रमाणपत्राचा आधारही मिळणार नाही. हे सगळं होऊ शकतं. पण न सांगण्याची किंमत तुम्ही आजही भरताय आणि ती वाढत चाललीय. चालताना मोबाइलमध्ये डोकं घालायची सवय तर सोडाच. त्यानं तुम्ही वाचत नाही, उलट ‘बघून न बघितल्यासारखं केलं’ हा आरोप पक्का होतो. त्यापेक्षा कुणी हसलं की हसावं, ‘बऱ्या आहात ना?’ म्हणावं आणि समोरचीला बोलू द्यावं. दोन वाक्यांत आवाज ओळखू येतो. अनोळखी बाईला हसून बघितलं म्हणून नागपुरात आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही. फक्त यावरच सगळा भार टाकू नका. दिवसभर असा अंदाज बांधत राहणं माणसाला थकवून टाकतं.

महालक्ष्म्यांच्या आधी सासूबाईंना विश्वासात घ्या. त्यांनी शिष्ट म्हटलं कारण त्यांच्याकडे दुसरं स्पष्टीकरण नव्हतं. ते दिलंत तर त्याच तुमच्या सगळ्यात मोठ्या आधार होतील, कारण आलेल्या प्रत्येक बाईचं नाव, गाव, नातं त्यांना पाठ असतं. त्यांना म्हणा, ‘आई, तुम्ही दारात उभ्या राहा आणि येईल तिला नावानं हाक मारून आत घ्या.’ ‘या वर्धेच्या काकू, या धाकट्या जाऊबाई’ असं दारात एकदा कानावर पडलं की हळदीकुंकू लावताना तुमची अडचण होणार नाही. पंगतीत कोण कुठं बसलंय ते तुम्ही लक्षात ठेवालच, जागेवरून ओळखण्याची तुम्हाला सवय आहे. मात्र साडीच्या रंगावर अवलंबून राहू नका. महालक्ष्म्यांना दुपारपर्यंत निम्म्या बायका साड्या बदलतात. सोळा भाज्या आणि पुरणाच्या धांदलीत कधी चुकलंच, तर सरळ विचारायचं, ‘मला चेहरे लक्षात राहत नाहीत, तुमचं नाव सांगा ना.’ हे वाक्य एकदा मोठ्यानं बोललात की पुढे जड जात नाही.

इन्चार्जची जागा घ्या, पण आधी मेट्रनना सांगून घ्या.

याचं कारण ऐका. पेशंटला चेहऱ्यावरून ओळखणं हे नर्सचं काम नाहीच. औषध देताना, रक्त चढवताना, नमुना घेताना निदान दोन खुणा पडताळायच्या, पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक, आणि हातातला पट्टा बघायचा, हा रुग्णसुरक्षेचा जगभरचा नियम आहे. खाट क्रमांकावर विसंबायचं नाही, हेही त्यातच येतं. ‘मी ओळखते ना यांना’ म्हणून पट्टा न बघता इंजेक्शन देणारी सिस्टर धोक्याची. तुम्ही कधीच चेहऱ्यावर विसंबत नाही. उद्या इन्चार्ज म्हणून सगळ्या वॉर्डाला ही शिस्त लावायला तुमच्याइतकी योग्य बाई कोण मिळेल?

अडचण येईल ती सहकाऱ्यांच्या बाबतीत. एकच गणवेश, एकच टोपी, वर मास्क. मेट्रनना सांगताना अडचण आणि उपाय एकाच दमात सांगा: नावाची पट्टी छातीवर समोर दिसेल अशी लावणं सगळ्यांना बंधनकारक करू या, हँडओव्हरला प्रत्येकीनं आधी नाव घेऊन बोलायचं, आणि ड्युटीचा तक्ता टेबलावर. नातेवाईकांच्या बाबतीत पेशंटजवळ कोण राहणार याचं नाव आणि नातं केस पेपरवर लिहून ठेवायचं आणि बाळ किंवा सामान सोपवताना विचारूनच सोपवायचं. यातलं काहीही खास तुमच्यासाठी केलेली सवलत वाटणार नाही, सगळ्या वॉर्डाचा त्यात फायदा आहे. तरीही मेट्रननी नाक मुरडलं तर मग विचार करा. त्यांनी नाही म्हणायच्या आधी तुम्हीच नाही म्हणू नका.

तपासणी करावी का? मनाची खात्री हवी असेल तर करा. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, सुपर स्पेशालिटी रुग्णालयात न्यूरॉलॉजी विभाग आहे, तिथे सुरुवात करता येईल. इंटरनेटवर चेहरे लक्षात ठेवायच्या चाचण्या सापडतात. त्यातली सगळ्यात माहितीची केंब्रिजच्या नावानं ओळखली जाते आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातले मूळ चेहरे गोऱ्या पुरुषांचे आहेत. आपल्याला ज्या वंशाचे चेहरे बघायची सवय नसते ते सगळ्यांनाच कठीण जातात, तेव्हा घरी बसून ती दिलीत आणि गुण कमी आले, तर तेवढ्यावरून काही ठरवू नका. तुमची शाळेपासूनची हकिकत डॉक्टरांना त्याहून जास्त सांगेल. यावर गोळी नाही, हेही आधीच सांगते. म्हणजे औषधाच्या नावानं कुणी पैसे उकळायला नको.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट ठळकपणे. जन्मभर चेहरे नीट ओळखणाऱ्या माणसाला एकाएकी ओळख पटेनाशी झाली, घरातले चेहरे परके किंवा वेडेवाकडे दिसू लागले, तर तो वेगळा विषय आहे. पक्षाघाताचा झटका असू शकतो. सकाळपर्यंत वाट न बघता थेट अपघात विभागात न्या. म्हाताऱ्या माणसाला हळूहळू घरचे ओळखू येईनासे झाले, तर स्मृतीचीही तपासणी करून घ्या.

आणि ज्यांचं तुमच्या उलट आहे त्यांच्यासाठीही लिहायला हवं, कारण तशीही पत्रं येतात. बायको रुसलीय हे कळत नाही, साहेब चिडलेत हे शेवटी कळतं, मुलगा रडवेला झालाय हे दिसत नाही. यातले काही जण स्वमग्न (ऑटिस्टिक) असतात, काहींना स्वतःच्याच भावना ओळखणं अवघड जातं, काही नुसते थकलेले असतात. त्यांना प्रेम नाही असं समजू नका. घरात एक रीत पाडा, की जे वाटतंय ते तोंडानं बोलायचं: ‘मला वाईट वाटलंय’, ‘मी रागावलेय’. चेहरा वाचता येणाऱ्यांनाही याची गरज आहे. पाच शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये या विषयावरचं संशोधन एकत्र तपासलं. नुसत्या चेहऱ्यावरून मनातलं खात्रीनं सांगता येत नाही, राग आला की कपाळाला आठ्या पडतातच असं नाही, असं त्यांनी बजावलं. विचारून घ्यावं हे बरं.

शेवटी तुमच्या बाळाची गोष्ट. हे घराण्यात चालतं, पण तुमच्या बाळाला असेलच असं कुणी सांगू शकणार नाही. असलं तरी तुमच्या आईला जे माहीत नव्हतं ते तुम्हाला माहीत असेल, आणि त्या मुलाला ‘लक्ष कुठं असतं’ हे ऐकावं लागणार नाही. शाळेच्या गेटचं म्हणाल, तर तान्ह्या बाळाचा आवाज, वास, हालचाल तुमच्या अंगवळणी इतकी पडलेली असेल की ही भीती आज वाटते त्या मानानं खूपच कमी उरेल. उरेल तेवढ्यासाठी साधे उपाय आहेत. दप्तर असं घ्या की दुसऱ्या कुणाकडे नसेल. गेटजवळची एक जागा ठरवा, रोज तिथेच उभ्या राहा, आणि पोराला शिकवा की आईला शोधायचं आणि ‘आई’ म्हणून हाक मारत यायचं. बोलायला लागलं की त्याला कारणही सांगा. मुलांना अशा गोष्टी मोठ्यांपेक्षा लवकर पटतात. वर्गशिक्षिकेला पहिल्याच दिवशी सांगा, आणि तुमच्याऐवजी न्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांची नावं शाळेत लिहून द्या. त्या यादीत नणंदबाईंचंही नाव घाला.